न आलेल्या दुःखाचा विचार

पेण तालुक्यातील गागोदे येथे १८९५ साली जन्मलेले विनोबा भावे आणि रोह्यात १९२० साली जन्मलेले पांडुरंगशास्त्री आठवले या दोघांनीही आयुष्यभर गीतेचे विवरण केले, आणि फळाची शाश्वती नसताना माणसाने कर्म कसे करावे हा प्रश्न त्या विवरणात टाळता येण्याजोगा नव्हता. स्तनाच्या कर्करोगाच्या अगदी आरंभीच्या, न पसरलेल्या अवस्थेचे निदान झालेल्या स्त्रीपुढे हाच प्रश्न शब्दशः उभा राहतो.

दूध वाहून नेणाऱ्या नलिकांच्या अस्तरातील पेशी कर्कपेशींचे रूप घेऊन वाढू लागल्या, परंतु नलिकेभोवतीचा आधारपटल नावाचा अतिशय पातळ पडदा ओलांडून बाहेर शिरल्या नाहीत, तर त्या अवस्थेस ‘डक्टल कार्सिनोमा इन सिटू’, संक्षेपाने डीसीआयएस, म्हणतात व तिची गणना शून्य टप्प्यात होते. बहुधा गाठ हाताला लागत नाही आणि काही दुखतही नाही. मॅमोग्राफीत मात्र मिठागरातल्या बारीक खड्यांसारखे कॅल्शियमचे पांढरे ठिपके पुंजक्याने दिसतात, आणि सुईने काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर, म्हणजे बायोप्सीनंतर, निदान पक्के होते. पडदा शाबूत आहे तोवर या पेशी इतर अवयवांत पोचत नाहीत. तो पुढे फुटेल की नाही हे मात्र कोणत्याही एका स्त्रीबाबत आज खात्रीने सांगता येत नाही, एवढेच म्हणता येते की पेशींची प्रत, म्हणजे ग्रेड, जितकी वरची तितका धोका अधिक.

अशा वेळी घरात ‘प्रारब्धात असेल ते चुकत नाही’ असे म्हटले जाते, परंतु हे वाक्य ज्या वेदान्तातून आले त्याच्याच कसोटीवर ते टिकत नाही. वेदान्तात साठलेले ते संचित, फळ द्यायला लागलेले ते प्रारब्ध आणि आज घडत असलेले ते क्रियमाण असा भेद केला आहे. ज्याचे फळ अजून दिसलेच नाही त्याला प्रारब्ध म्हणणे ही शुद्ध घाई होय. पतंजलीच्या योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात तर टाळायचे दुःख कोणते, तर जे अद्याप आलेले नाही ते, असा स्पष्ट निर्वाळा आहे. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न व औषध सोडून देह ठेवला, त्याचा दाखलाही येथे गैरलागू ठरतो, कारण सत्त्याऐंशीव्या वर्षी कार्य संपल्याच्या जाणिवेने केलेला त्याग आणि पन्नाशीतल्या बाईने भीतीपोटी किंवा खर्चाच्या धास्तीने टाळलेला उपचार यांत नावापुरतेही साम्य नाही.

याच्या उलट टोकाला दुसरी घाई असते, ती म्हणजे ‘सगळेच काढून टाका’ ही. आजार मर्यादित जागेत असेल तर तेवढाच भाग कडेच्या निरोगी ऊतीसह काढून नंतर रेडिएशन देतात, ज्यामुळे त्याच स्तनात आजार पुन्हा उद्भवण्याची शक्यता सुमारे निम्म्याने घटते, जरी आयुर्मानात त्याने ठळक फरक पडल्याचे दिसलेले नाही. आजार स्तनात बऱ्याच ठिकाणी पसरलेला असेल तर पूर्ण स्तन काढावा लागतो. पेशी संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या असल्यास टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या साधारण पाच वर्षे घेण्याचा पर्याय असतो, आणि केमोथेरपीची गरज पडत नाही. कमी धोक्याच्या डीसीआयएसमध्ये लगेच शस्त्रक्रिया न करता ठरावीक अंतराने तपासत राहण्याचा मार्ग अमेरिकेतील ‘कॉमेट’ चाचणीत अभ्यासला गेला. २०२४ अखेरच्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत आक्रमक कर्करोगाचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ५.९ टक्के, तर देखरेखीच्या गटात ४.२ टक्के होते. दोन वर्षांचा काळ फार थोडा, म्हणून हा मार्ग अद्याप सर्रास सुचवला जात नाही, आणि ते योग्यच आहे.

तरीही या देखरेखीला ‘काहीच न करणे’ म्हणता येणार नाही. कर्मात अकर्म आणि अकर्मात कर्म पाहणाऱ्याला गीतेचा चौथा अध्याय बुद्धिमान म्हणतो. तारीख न चुकवता तपासणीला जाणारी बाई कर्मच करत असते आणि न समजता टेबलावर झोपणारी बाई फक्त दुसऱ्याचे कर्म सोसत असते. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली दिलेल्या व साने गुरुजींनी टिपून घेतलेल्या प्रवचनांत विनोबांनी बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळण्यास विकर्म म्हटले आहे. निवड शस्त्रक्रियेची असो वा देखरेखीची, ही जोड तिला नसेल तर पुढची वर्षे धास्तीतच जातात, आणि ती जोड मिळायला रिपोर्टचा अर्थ बाईला स्वतःला, नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मध्यस्थीशिवाय, समजावा लागतो.

हा सारा विचार ज्या निदानावर उभा आहे ते मुळात आपल्याकडे क्वचितच होते, कारण सरसकट मॅमोग्राफीची मोहीम भारतात नाही. सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांवरील स्त्रियांची हाताने तपासणी होते. तिचेही मोल कमी नाही. टाटा मेमोरियलने मुंबईत दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे केलेल्या अभ्यासात अशा तपासणीने पन्नाशीपुढील स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. हाताला लागलेली गाठ बहुधा शून्य टप्प्याची नसते, तिला उशीर परवडत नाही. डीसीआयएसच्या रिपोर्टला मात्र काही आठवड्यांचा अवधी असतो, आणि तेवढ्यात स्लाइड्स घेऊन दुसरे मत विचारण्यासाठी टाटा मेमोरियलचेच केंद्र रायगड जिल्ह्यात, खारघरला आहे.