न दिलेलं घेणं

आमच्याकडे कावळा शिवला की चार दिवस चुलीपासून आणि देवळापासून दूर. मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लागला असेल, तर त्या बाजूला फिरकायचंसुद्धा नाही. मी हे पाळलं, अजूनही घरात पाळतात. त्याबद्दल गळा काढणार नाही, बी.ए.च्या निम्म्या कादंबऱ्या मी त्याच कोपऱ्यात वाचल्या. पण माझं कॉलेज त्यापायी कधी बुडालं नाही.

ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या मध्य प्रदेश सरकारने सुमारे 19 लाख शाळकरी मुलींसाठी पॅडचे प्रत्येकी 300 रुपये खात्यात टाकले. वर्षाचा हिशेब केला तर महिन्याला 25. रक्कम लहान, तरी मला आवडलं. वस्तू हातावर ठेवण्यापेक्षा पैसे देणं मानाचं. काय घ्यायचं ते मुलीने ठरवावं. त्याआधी जुलै 2018 मध्ये पॅडवरचा 12 टक्के जीएसटीही गेला होता.

आमच्या कामवाल्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "पैसे त आले बाई, पण खतात गेले. अन् पॅड घेऊन बी पोरगी बदलीन कुठी? शाळेत नळाले पाणी नाही, संडासाले कडी नाही."

आमच्या यांचं म्हणणं, सरकारने किती म्हणून द्यायचं? पण नळ आणि कडी हे देणं आहे का? अचौर्य व्रताचा अर्थ लहानपणी पाठशाळेत शिकलो, जे दिलेलं नाही ते घ्यायचं नाही. महिन्याचे तीन दिवस धरले, तर दहा महिन्यांत तीस दिवस त्या पोरीच्या शाळेतून गेले. तिने कुणाला दिले नव्हते. घेणाऱ्याचा हात दिसत नाही, म्हणून चोरी नव्हे असं कसं म्हणावं?

हात दिसत नाही म्हणाले खरी. गेल्या चातुर्मासात हीच पोर भर दुपारी दप्तरासकट आमच्या मागच्या दारी आली होती. मान खाली. न्हाणीघर वापरू का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, "आज नको गं, चौका आहे." ती काही न बोलता गेली. शाळेत परत गेली नाही, हे दुसऱ्या दिवशी तिच्या आईकडून कळलं.

परसातल्या न्हाणीघराला आता कुलूप नसतं, चौका असला तरी. जाऊबाईंना ते अजून पटलेलं नाही. शाळेच्या नळासाठी आम्ही पाच जणींनी सही करून अर्ज दिलाय. सहावी सही त्यांची मागतेय.