उघडं म्हणजे कुणाचंही?

पूर्वी घरोघरी पोस्टकार्डं यायची. ती उघडीच असत. पोस्टमनला वाचता येत, शेजाऱ्यालाही येत. आणि लोक वाचतही. तरी कुणी ते कार्ड नेऊन देवळाबाहेरच्या फळ्यावर लावलं असतं तर भांडण नक्की झालं असतं. 'उघडंच तर होतं' हा बचाव कुणी ऐकून घेतला नसता.

फेब्रुवारी २०२४मध्ये अगदी हाच बचाव एका वेगळ्या वादात ऐकू आला. मॅस्टोडॉन आणि ब्लूस्काय ही दोन समाजमाध्यमं. दोन्ही विकेंद्रित म्हणवतात, पण त्यांचे प्रोटोकॉल निराळे; एकीकडचा माणूस दुसरीकडच्याशी थेट बोलू शकत नाही. रायन बॅरेट या प्रोग्रामरने 'ब्रिजी फेड' नावाचा पूल बांधायला घेतला. योजना अशी, की सार्वजनिक पोस्टी आपोआप पलीकडे दिसाव्यात. ज्याला नको असेल त्याने तसं कळवावं, उदाहरणार्थ स्वतःच्या माहितीत '#नोब्रिज' असा टॅग लिहून. मॅस्टोडॉनवर मोठा गदारोळ झाला.

बॅरेटची बाजू हास्यास्पद नव्हती. पोस्ट सार्वजनिक आहे, ब्राउझर असलेला कुणीही ती वाचू शकतो. शिवाय भिंती कुणाच्या फायद्याच्या असतात? बड्या कंपन्यांच्या. माणसं एकमेकांना सापडावीत म्हणून कुणी पैशाची अपेक्षा न ठेवता पूल बांधत असेल, तर त्याला खलनायक कशाला ठरवायचं?

तरीही मला वाटतं, विरोध करणाऱ्यांचं मूळ म्हणणं बरोबर होतं. 'सार्वजनिक' हा मजकुराला कायमचा चिकटलेला गुण नाही. तो बोलणारा, ऐकणारे आणि जागा यांच्यातला संबंध आहे. हेलन निसेनबॉम या तत्त्वज्ञ खासगीपणाचा विचार असाच करतात: माहिती गुप्त आहे की नाही यापेक्षा, ती ज्या संदर्भात दिली त्या संदर्भाचे संकेत पाळून पुढे जाते आहे की नाही, हे महत्त्वाचं. मॅस्टोडॉनवर हे संकेत स्पष्ट होते. तिथे सप्टेंबर २०२३मध्ये पोस्टींचा शोध घेण्याची सोय आली तीसुद्धा, ज्यांनी 'माझ्या पोस्टी शोधात येऊ द्या' असं स्वतःहून सांगितलं त्यांच्यापुरतीच. छळाला कंटाळून तिथे आलेल्यांसाठी हे नियम आडोशासारखे होते. पूल ओलांडल्यावर तिकडे चाललेल्या चर्चेवर इकडच्या मॉडरेटरचा अधिकार चालत नाही.

आणि मौन? लग्नाच्या बैठकीत मुलगी गप्प राहिली म्हणजे होकार, असं आपण फार काळ मानलं; त्यात सोय मुलीची नव्हती. नकार द्यायचा तर आधी काहीतरी घडतंय हे कळावं लागतं. ज्याला पुलाचा पत्ताच नाही, त्याचं गप्प राहणं हे उत्तर नाही. उद्या दुसरा पूल येईल, परवा तिसरा. प्रत्येक ठिकाणी जाऊन 'मला वगळा' म्हणण्याचं ओझं बोलणाऱ्यावर का? ज्याला वाहून न्यायचंय, त्याने विचारावं.

बॅरेटने शेवटी तेच केलं. आता पूल हवा असेल तर आपण त्याच्या खात्याला फॉलो करायचं, तो होकार. किंमत मात्र खरी आहे. बहुतेक लोक सेटिंगला हातच लावत नाहीत, त्यामुळे विचारून बांधलेल्या पुलावर वर्दळ कमीच राहणार. मी होकार दिला आणि समोरच्याने नाही, तर आमच्या संवादाची एकच बाजू पलीकडे पोचणार.

ही अर्धी संभाषणं वाचताना चिडचिड होईल. पण त्यातली रिकामी जागा खोटं बोलत नाही. तिथे कुणीतरी आहे आणि त्याने अजून हो म्हटलेलं नाही, एवढंच ती सांगते.