सावकाश वाढणाऱ्यांना आधी वेळ द्या

धरणाची भिंत किती वर आली, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं काम १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात अडलं, तेव्हा भिंत ८० मीटरच्या आसपास होती. २००६ मध्ये ती १२१.९२ मीटर झाली, आणि दरवाजे बसल्यावर १३८.६८. उंची अशी सेंटिमीटरपर्यंत नोंदलेली आहे. पण या भिंतीच्या बदल्यात किती जंगल खरोखर उभं राहिलं, डोंगरउतारावरची किती माती जागेवर थांबली, हे इतक्या नेमकेपणानं कोण सांगेल?

या प्रकल्पाला केंद्र सरकारची पर्यावरणीय मंजुरी जून १९८७ मध्ये मिळाली, तीही सशर्त. पाणलोट क्षेत्र, पर्यायी वनीकरण, लाभक्षेत्र, वन्यजीव, आरोग्य या सगळ्यांचे अभ्यास तेव्हा अपुरे होते. ते १९८९ पर्यंत पुरे करायचे होते, आणि संरक्षणाची सगळी कामं बांधकामाच्या बरोबरीनं चालवायची होती. ही अट मला अजूनही मोलाची वाटते. मात्र तिचा खरा अर्थ फार थोड्यांनी मनावर घेतला. काँक्रीट अठ्ठावीस दिवसांत ताकद धरतं. साग किंवा मोह लावला तर त्याचं रान व्हायला एक पिढी जाते. ज्यांचा वेग इतका वेगळा आहे त्यांना बरोबरीनं न्यायचं असेल, तर सावकाश वाढणाऱ्यांची सुरुवात कितीतरी आधी व्हायला हवी. नर्मदेवर नेमकं उलटं झालं. भिंत निघाली पुढे आणि अभ्यास मागून येत राहिले.

या प्रकल्पाला कर्ज देणाऱ्या जागतिक बँकेनं नेमलेल्या ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या स्वतंत्र समितीनं जून १९९२ मध्ये अहवाल दिला. कर्जाच्या करारानुसार पर्यावरणाचा जो कृती आराखडा १९८५ अखेर द्यायचा होता, तो तेव्हाही तयार नव्हता. पुढच्याच वर्षी बँकेचं कर्ज थांबलं. भिंतीचं काम त्यामुळे थांबलं नाही.

आपल्या नंदुरबार जिल्ह्यातली तेहेतीस गावं या बुडितात येतात. अक्कलकुवा आणि अक्राणीच्या डोंगरातली ही आदिवासी गावं, मणिबेली त्यांतलं पहिलं. इथली हजारो हेक्टर वनजमीन पाण्याखाली जायची होती. मग विस्थापितांना द्यायला शेतजमीन मिळेना, म्हणून १९९० मध्ये तळोद्याची २,७०० हेक्टर वनजमीनच मोकळी करण्यात आली. उठवलेल्या माणसाला जमीन मिळालीच पाहिजे, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण एका जंगलाची भरपाई करता करता दुसरं जंगल खर्ची पडलं, ही नोंद वनीकरणाच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात करायची? आणि गुजरातनं बुडालेल्या रानाच्या बदल्यात कच्छमध्ये झाडं लावली. कच्छच्या कोरड्या मातीत वाढणारं झाड काही शूलपाणेश्वर अभयारण्यातल्या अस्वलाच्या कामी येत नाही. हेक्टरला हेक्टर जुळलं की हिशेब मिटला, असं निसर्गात होत नाही.

देखरेख करणारे नव्हते असं नाही. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचा पर्यावरण उपगट होता. ऑक्टोबर २००० च्या निकालात न्यायालयानं नव्वद मीटरपुढच्या उंचीसाठी त्याची मंजुरीही आवश्यक ठरवली. त्याच खंडपीठातले न्यायमूर्ती भरुचा यांचं मत वेगळं पडलं. पुरेशी माहिती हाती नसताना १९८७ ची मंजुरी दिली गेली, तेव्हा तज्ज्ञांकडून तपासणी होईपर्यंत काम थांबवावं, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ते पटतं. पाहणाऱ्याच्या हातात काम थांबवण्याची ताकद नसेल, किंवा ताकद असून ती वापरायची नसेल, तर त्याचे अहवाल कपाटं भरायलाच उपयोगी पडतात.

धरण आता झालेलं आहे. बुडालेलं रान परत येणार नाही. पण धरणाखालची दीडशे किलोमीटरची नदी अजून रोजच्या रोज आपल्या निर्णयावर जगते. मुख्य कालव्याची मुखाशी क्षमता ४०,००० क्युसेक, आणि नदीसाठी किमान विसर्ग बरीच वर्षं धरला गेला तो ६०० क्युसेक. वरून गोडं पाणी कमी झालं की भरतीबरोबर समुद्र आत शिरतो. भरूचकडच्या मच्छीमारांना आणि काठच्या शेतकऱ्यांना हे विहिरीच्या चवीवरून आणि रिकाम्या जाळ्यावरून कळतं. हिल्सा अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो. त्याला वाहतं गोडं पाणी लागतं, आणि तेही पावसाळ्याच्या ठरावीक दिवसांत.

इथे एका पिढीची वाट पाहावी लागत नाही. दरवाजा थोडा अधिक उघडला की उद्याच फरक पडतो. काल नदीत किती पाणी सोडलं आणि भरूचला खारटपणा किती भरला, हे दोन आकडे रोज काठच्या ग्रामपंचायतींत आणि मच्छीमारांच्या वस्तीत लागले पाहिजेत. आणि खारटपणा ठरलेल्या मर्यादेपुढे गेला की कालव्याचं पाणी कमी करून नदीत अधिक सोडायचं, हा नियम आजच लिहून ठेवता येईल.