न विचारलेली किंमत

दुसऱ्याची वस्तु त्याच्या संमतीवांचून घेणें म्हणजे चोरी, ही व्याख्या शाळेंतलीं मुलें देखील सांगतील. परंतु वस्तु घेतली तिसऱ्यानेंच, आपल्या हातीं ती न मागतां आली, आणि मूळ मालकाजवळचें तर कांहींच कमी झालें नाहीं, अशा वेळीं ही व्याख्या कितपत पुरी पडते? प्रश्न तर्कशास्त्राच्या वर्गांतला वाटेल. पण साताऱ्यास किंवा सांगलीस जुना अथवा सुटे भाग जोडून केलेला संगणक घेणाऱ्या पुष्कळांपुढें तो प्रत्यक्ष उभा असतो. यंत्राचा भाव ठरतो, आणि "विंडोज टाकून देतों" असें दुकानदार सहज म्हणून जातो. कंपनीच्या नव्या यंत्रांत परवान्यासह आलेली विंडोज आणि ही टाकून दिलेली विंडोज पडद्यावर सारखीच दिसतात. पहिलीची किंमत यंत्राच्या किंमतींत धरलेली असते, दुसरीची कोणीच दिलेली नसते.

"आम्हीं थोडेंच चोरलें? तें यंत्राबरोबरच आलें," हा गिऱ्हाइकाचा बचाव अगदींच टाकाऊ नव्हे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ च्या दुरुस्तीनें आलेलें ६३ब हें कलम चोरटी संगणक-प्रणाली वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद सांगतें. मात्र ती चोरटी आहे हें जाणून वापरलेली असली पाहिजे. कायद्याची ही सावधगिरी योग्यच आहे. पण तिच्यामुळें न जाणणें हेंच सोयीचें होऊन बसतें. हळकुंड मोडून आंतला रंग पाहिल्यावांचून सौदा न करणारा सांगलीचा व्यापारी, कित्येक हजारांची वस्तु फुकट कशी, एवढें मात्र विचारीत नाहीं. हें अज्ञान नव्हे. जतन केलेलें अज्ञान होय, आणि आमच्या मतें दोष आहे तो येथेंच.

कंपनी अमेरिकेंतली व गडगंज, तिचें काय बुडालें, हें म्हणणें आम्ही बाजूस ठेवतों. सावकार श्रीमंत असल्यानें कोणाचें ऋण फिटत नाहीं. नक्कल केल्यानें मूळ वस्तु कमी होत नाहीं, हा मुद्दा अधिक विचारार्ह आहे. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानें सांगलीस 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, आणि पुढें त्या धर्तीवर कित्येक नाटकमंडळ्या निघाल्या. त्यांस आम्ही चोर म्हणणार नाहीं. धर्ती भाव्यांची असली तरी पाठांतर, तालीम, गाणें हे श्रम ज्याचे त्याचे होते. १९९१ सालीं फिनलंडांतील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्यानें असेंच केलें. युनिक्सची धर्ती घेतली, पण गाभा स्वतः लिहिला. त्यावर उभी राहिलेली लिनक्स आज कोणीही घ्यावी, उघडून पाहावी, बदलावी, वाटावी. कुलूप मोडलेल्या विंडोजमध्यें घेणाऱ्याचा पैसाही नसतो आणि घामही नसतो.

गरिबीचा आक्षेप मात्र आम्ही हलका मानीत नाहीं. परवान्याच्या किंमतींत खेड्यांतून आलेल्या मुलाची कित्येक आठवड्यांची खानावळ भागते. परंतु कर्मवीर भाऊराव पाटलांनीं ज्या साताऱ्यांत 'कमवा व शिका' हा मार्ग घालून दिला, तेथें तरी पैसा नाहीं म्हणजे उपायच नाहीं, असें म्हणतां येऊं नये. लिनक्स शिकावयास चार दिवस डोकेफोड करावी लागते. छपाईयंत्र रुसतें, मराठी टंक अडतो. ही डोकेफोड करावयास मुलें तयार होतील. पण महाविद्यालयच जेव्हां विशिष्ट कंपनीच्या प्रणालींत केलेलाच प्रकल्प स्वीकारतें, तेव्हां त्यांचे श्रम फुकट जातात. अशा संस्थेनें सचोटीवर व्याख्यानें ठेवण्याआधीं एक तर परवाने घेऊन आपली प्रयोगशाळा रात्रीं उशिरांपर्यंत उघडी ठेवावी, नाहींतर कोणत्याही प्रणालींतलें काम चालेल असें सूचनाफलकावर लिहावें.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० च्या नेहमींच्या दुरुस्त्या बंद झाल्या, आणि ज्यांनीं रीतसर पैसे मोजले होते तेही अडचणींत आले. पुष्कळ जुनीं यंत्रें विंडोज ११ घेत नाहींत. पैसे देणाऱ्याचाही हा अनुभव पाहून, फुकटवाला शहाणा ठरला असें म्हणणारे भेटतात. आम्हांस यांतून निघतें तें इतकेंच कीं, जुन्या यंत्राकरितां तरी मोकळी प्रणाली शिकण्याचे श्रम आतां टाळतां येणार नाहींत. सी-डॅक या सरकारी संस्थेची 'बॉस' ही लिनक्स २००७ पासून उपलब्ध असून तिच्यांत मराठीचीही सोय आहे.

तोंवर गिऱ्हाइकानें दुकानांत एवढें म्हणावें: परवान्याची निराळी ओळ बिलावर लिहा, नाहींतर यंत्र रिकामें द्या. दुकानदार बहुधा हंसेल. रिकामें यंत्र मागणारें गिऱ्हाईक त्यानें फारसें पाहिलेलें नसतें.