वेशीच्या आतला न्याय

नेवासे तालुक्यातल्या शनिशिंगणापुरात घराला चौकट असते, दार नसतं. कुत्री-मांजरं आत शिरू नयेत म्हणून रात्री एखादी फळी टेकवायची, एरवी पडदा. चोरी करणाऱ्याला शनिदेव बघून घेईल, या श्रद्धेवर गाव पिढ्यान् पिढ्या उघड्या घरात झोपत आलं. २०११ मध्ये युको बँकेने इथे शाखा उघडली तीही बिनकुलपाची. पोलीस ठाणं आलं ते थेट २०१५ साली. पोलिसांवाचून गाव चालेल का, या प्रश्नाला नगर जिल्ह्याने, म्हणजे आताच्या अहिल्यानगरने, दिलेलं हे सगळ्यांना ठाऊक असलेलं उत्तर.

या उत्तराची भुरळ पडते, कारण पोलिसांबद्दलचा संशय आपल्याकडे घराघरांत मुरलेला आहे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण लहानपणापासून ऐकतो. आणि हा संशय उगाच आलेला नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाने काही करण्याआधीच त्याच्या जातीवर चोरीचा शिक्का मारला. कायदा १९५२ मध्ये गेला, पण श्रीगोंदा-कर्जतकडे चोरी झाली की पहिली धाड पारध्यांच्या पालावर, ही तक्रार आजही ऐकू येते. त्या पालावरच्या बाईला पोलिसांवर विश्वास ठेवा असं सांगायला माझी तरी जीभ रेटत नाही.

पण पोलीस येण्याआधी गावात न्याय नांदत होता, असंही कुणी समजू नये. पाटील बंदोबस्त ठेवायचा, रामोशी चोराचा माग काढायचा, वेशीवर येसकर महार रात्र जागून काढायचा. ज्याच्या भरवशावर गाव निर्धास्त झोपायचं, त्याचं स्वतःचं घर वेशीबाहेर. हा बंदोबस्त कुणासाठी होता, हे यातच आलं.

पोलिसांवाचून गाव चालवण्याच्या या जुन्या कल्पनेला नवं रूप आलं ते १९४२ नंतर. त्या ऑगस्टमध्ये नेहरू, पटेल, आझाद यांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात डांबलं. तिकडे तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात सप्टेंबरमध्ये वडूज आणि इस्लामपूरच्या मोर्चांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. ज्या दिवशी आपल्याच तालुक्याच्या गावी, कचेरीसमोर आपली माणसं पडली, त्या दिवशी लोकांच्या लेखी त्या पोलिसांचा अधिकार संपला. पुढच्या वर्षी क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं आणि १९४६ पर्यंत टिकलं. जी. डी. बापू लाडांच्या तुफान सेनेने तरुणांना शिस्त लावली. भूमिगतांच्या नावावर लूटमार करणाऱ्या दरोडेखोरांना तिने जरब बसवली. पण मला महत्त्वाची वाटतात ती न्यायदान मंडळं. सावकाराने गिळलेली जमीन, भाऊबंदकीची वाटणी, टाकून दिलेली बायको, असे तंटे तिथे यायचे. दोन्ही बाजू ऐकून पंच निवाडा द्यायचे. कर्जाच्या पाशात अडकलेल्या कुळाला इंग्रजांच्या कोर्टात जे मिळालं नसतं, ते तिथे मिळत होतं. पोलिसांना हुसकावणं एवढंच काम त्यांनी मानलं नाही, त्यांच्या जागी न्याय बसवला. हे लोक म्हणूनच मला थोर वाटतात.

तरीही प्रतिसरकारची तळपायावर काठ्या मारण्याची शिक्षा मला खटकते. आरोप ऐकणारे, निवाडा देणारे आणि काठी उगारणारे एकाच चळवळीचे. चूक झालीच तर दाद मागायची कुणाकडे? परकीय सत्तेशी झुंज चालू असताना याला इलाज नव्हता, हे मान्य. पण ती निकड संपल्यावरही आपण ही पद्धत गावाचं शहाणपण म्हणून मिरवत राहिलो. १९७५ मध्ये अण्णा हजारे पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीला परतले, दारूच्या भट्ट्या बंद झाल्या, आणि न ऐकणाऱ्या दारुड्याला देवळापाशी खांबाला बांधून मार दिला गेला. नवऱ्याच्या दारूने पिचलेल्या बायकांना त्या माराने दिलासा मिळाला असेल, हे मी नाकारत नाही. पण आज खांबाला दारुडा बांधला, उद्या कुणाला बांधायचं हे कोण ठरवणार?

पोलीस नसले की काय होतं, हे परदेशातही दिसलं. अमेरिकेत सिएटलला २०२० च्या जूनमध्ये पोलिसांनी एका वस्तीतलं ठाणं सोडलं आणि आंदोलकांनी ती वस्ती आपली म्हणून जाहीर केली. पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरचा तो संताप रास्त होता. पण तीन आठवड्यांत तिथल्या गोळीबारांत दोन कृष्णवर्णीय मुलं गेली आणि १ जुलैला पोलिसांनी वस्ती रिकामी केली. ज्यांच्या जिवासाठी आंदोलन पेटलं होतं, त्यांचेच जीव तिथे गेले.

गावाने आपला न्याय आपणच करायचा, ही कल्पना त्याआधी आपल्या सरकारनेही उचलली होती. १५ ऑगस्ट २००७ पासून गृहमंत्री आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालवली. ते अंजनीचे, प्रतिसरकारच्याच मुलखातले. पिढीजात बांधाची भांडणं मिटली, कोर्टाचे हेलपाटे वाचले, हे चांगलंच झालं. खोट होती ती बक्षिसात. तक्रार नसण्यावर गावाला पैसा आणि मान मिळू लागला की तक्रार करणारा गावाचा वैरी ठरतो. मग सुनेला, मजुराला, दलिताला सांगितलं जातं, ‘मिटवून घ्या, गावाचं नाव जाईल.’

गावाचं नाव राखण्याची किंमत काय, हे नगर जिल्ह्याने पाहिलं आहे. १ जानेवारी २०१३ ला सोनईत सफाईकाम करणाऱ्या तीन दलित तरुणांचे खून झाले, जातीबाहेरच्या प्रेमावरून. सोनई शिंगणापूरला लागूनच आहे. बिनदाराच्या घरांवर पहारा देणारी श्रद्धा शेजारच्या गावात या तिघांच्या कामी आली नाही. खटला नाशिकला हलवावा लागला. तिथे जानेवारी २०१८ मध्ये सहा जण दोषी ठरले. एप्रिल २०१४ मध्ये जामखेड तालुक्यातल्या खर्ड्यात शाळकरी दलित मुलाला मारून झाडाला लटकवलं. वरच्या मानलेल्या जातीतल्या मुलीशी तो बोलतो, हे कारण असल्याचा आरोप होता. जुलै २०१६ मध्ये कर्जत तालुक्यातल्या कोपर्डीत शाळकरी मुलीवर अत्याचार करून तिचा खून झाला. खर्डा आणि कोपर्डीचे दोन्ही खटले नगरच्याच न्यायालयात चालले आणि निकालही नोव्हेंबर २०१७ या एकाच महिन्यात लागले. कोपर्डीत तिघांना फाशी सुनावली गेली. खर्ड्यात साक्षीदार फिरले आणि सगळे आरोपी सुटले.

कोपर्डीच्या मुलीसाठी राज्यभर लाखोंचे मूक मोर्चे निघाले. तिला न्याय मिळायलाच हवा होता. खर्ड्याच्या मुलासाठी त्याचं गावसुद्धा कोर्टात टिकून उभं राहिलं नाही. माझ्या मते पोलिसांवरच्या विश्वासाची खरी कसोटी इथे आहे. ज्याच्यामागे गाव उभं आहे त्याचं पोलिसांवाचून फारसं अडत नाही. ज्याच्या विरोधात गाव उभं आहे, त्याला गाव ओलांडून जाता येईल असं एक तरी दार हवं. ठाण्यातला हवालदार गावच्या पुढाऱ्याच्या ओसरीवर चहा पीत असेल, तर ठाणं असून नसल्यासारखंच. गावाची वेस मग ठाण्यालाही आपल्या आत घेते.

डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू केली. जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करायचा, धोका किती याचा अहवाल पोलीस देणार. कागदावर हे चांगलं आहे. पण ज्याची रोजंदारी आरोपीच्या भावकीच्या शेतावर आणि ज्याची मुलं गावातल्याच शाळेत, त्याला असा अर्ज असतो हे सांगणार कोण? पोलीस पाटील? तो गावचाच. म्हणून ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला की साक्षीदाराच्या अर्जाची वाट न पाहता बाहेरच्या अधिकाऱ्याने त्याचं घर गाठावं. खटला निकाली लागेपर्यंत त्याच्या रोजगाराची आणि मुलांच्या शाळेची सोय सरकारने करावी. तंटा नसलेल्या गावांना बक्षीस द्यायला पैसा निघाला होता, तसा याच्यासाठीही काढावा.