समतेचे माप

वाशीच्या बाजारातून हिंडताना दुकानांच्या पाट्या न्याहाळण्याचा आम्हांस छंद आहे. पाटीवरील मराठी अक्षरे अन्य लिपीतील अक्षरांहून लहान असू नयेत, असा दंडक महाराष्ट्रात २०२२ साली कायद्यात घालण्यात आला. दंडक न्याय्यच होय; परंतु ‘लहान’ कशास म्हणावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

क्षणभर अक्षरे बाजूस ठेवून साध्या आकृती घेऊ. समान उंचीचे व रुंदीचे चौरस, वर्तुळ व त्रिकोण शेजारी मांडावेत. पट्टी म्हणते, तिन्ही सारखे. डोळा म्हणतो, वर्तुळ लहान आणि त्रिकोण त्याहून लहान. डोळ्याचे म्हणणे निराधार नाही. चौरसाचे क्षेत्रफळ १०० मानल्यास वर्तुळाचे सुमारे ७८.५ व त्रिकोणाचे अवघे ५० भरते. शिवाय चौरस सबंध बाजूने रेषेवर बसतो. वर्तुळ तिला एका बिंदूतच स्पर्श करते. म्हणून मुद्राक्षरांचा आरेखक वर्तुळास रेषेच्या किंचित वरखाली जाऊ देतो. त्रिकोणाचा गुरुत्वमध्य पायापासून एक तृतीयांश उंचीवर असल्याने तो त्यास थोडा वर उचलतो. देवनागरी अक्षरे तर शिरोरेषेपासून लोंबतात. तेव्हा रोमन अक्षरांच्या बेताने बसविलेला ठिपका मराठी ओळीत पुष्कळदा परका दिसतो.

ही लबाडी नव्हे काय? पट्टी एकदा सोडली की ज्याचा त्याचा डोळा आपल्याच आकृतीस झुकते माप देईल, हा आक्षेप क्षुल्लक नाही. पक्षपातही नेहमी ‘विशेष परिस्थिती’चेच नाव घेऊन येतो. परंतु आरेखकाची सवलत स्वैर नसते. ती एका वर्तुळास दिली की सर्व गोल आकृतींस द्यावी लागते. तिचे कारण उघड सांगता येते. आणि ती खरी की खोटी, हे कोणीही वाचक पाहून ठरवू शकतो. ज्या अपवादास या तीन कसोट्या लागू पडतात, तो न्यायाचा भंग नसून त्याची पूर्तता होय.

आता पुन्हा पाटीकडे वळू. वेलांटीच्या माथ्यापासून उकाराच्या तळापर्यंतची उंची रोमन कॅपिटल अक्षराएवढी केली, तर फुटपट्टीचे समाधान होते. पण अक्षराचा देह मात्र आक्रसतो. नियमाचा शब्द पाळला जातो, हेतू बुडतो. तंटा मिटविण्यास पट्टी हवीच. परंतु ती कोठून कोठवर लावावयाची, हे ठरविण्याचा भार विवेकावरच राहतो, आणि तो भार पट्टीवर टाकून मोकळे होणाऱ्यास निःपक्षपाती म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.