उपशाचा हिशेब

गाळाने भरलेली विहीर उन्हाळ्यात उपसून काढली की तिचे झरे मोकळे होतात आणि पाणी पूर्वीपेक्षा जोमाने चढते, हा शेतकऱ्याचा जुना अनुभव आहे; त्यामुळे 'उपसा' या शब्दाला आज जी क्षयाची छटा चिकटली आहे, ती त्याच्या मूळ व्यवहारात फारशी नव्हती. तलवार उपसली म्हणजे म्यान रिते होते, तलवार काही नाहीशी होत नाही.

मोटेच्या काळी उपशाला मर्यादा होती, आणि ती कोणा सरकारी हुकुमाने घातलेली नव्हती. बैलजोडी धावेवरून उतरे, नाडा ताणला जाई, सोंदुराने ओढलेली मोटेची सोंड थारोळ्यात रिती होई. आणि बैल थकून विसावत तेवढ्या अवधीत काळ्या पाषाणाच्या भेगांतून पाझरणारे पाणी विहिरीची तूट भरून काढी. दख्खनच्या या पाषाणात पाण्याचा साठा मुळातच तुटपुंजा, वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत काय मावेल तेवढाच. जनावराच्या दमाने त्या साठ्याचे रक्षण केले असे म्हणणे अतिशयोक्तीचे वाटेल, तथापि मला ते यथार्थ वाटते.

१८८२ च्या ईझमेंट कायद्याने, निश्चित प्रवाहमार्गाने न वाहणारे जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क जमीनमालकाला दिला, तेव्हा हा हक्क किती खोल जाईल याची चिंता कोणाला असण्याचे कारण नव्हते; तो मोटेपुरताच होता. पुढे तेलाचे इंजिन आले, विजेचा पंप आला, १९७२ च्या दुष्काळाने तहानलेल्या गावांसाठी कूपनलिका आणली, आणि तीच पुढे बागाइतीची झाली. त्यात वीजबिल पंपाच्या अश्वशक्तीवर आकारले जाऊ लागल्यावर एक तास अधिक पंप चालवण्याचा खर्च शेतकऱ्याच्या दृष्टीने शून्यावर आला. हक्क जुनाच राहिला, दम मात्र यंत्राचा झाला. नदीपात्रातील रेती काढण्यालाही याच सुमारास 'वाळू उपसा' हे नाव रूढ झाले, आणि तेथे तर झरा मोकळा होण्याचा प्रश्नच नव्हता.

मग शास्त्रज्ञांनी उपशाशेजारी 'पुनर्भरण' हा शब्द बसवला आणि दोहोंचे प्रमाण टक्क्यांत मांडले: सत्तरपर्यंत सुरक्षित, शंभरावर अतिशोषित. शंभराहून अधिक टक्के उपसा म्हणजे मागील पिढ्यांची शिल्लक खाणे होय. महाराष्ट्राच्या १९९३ च्या भूजल कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापुरते संरक्षण दिले. २००९ च्या कायद्याने अधिसूचित क्षेत्रात ६० मीटरांहून खोल विहीर शेतीसाठी वा उद्योगासाठी घेण्यास मनाई केली. यातील हेतूबद्दल माझी तक्रार नाही. परंतु खोली मोजणारा कायदा उपसा मोजू शकत नाही. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद होते, तिच्यातून वर्षाकाठी किती पाणी गेले याची अद्यापि होत नाही.